‘पेगी सू’: बडी हॉलीच्या गाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन रॉक अँड रोल गायक बडी हॉलीचं ‘पेगी सू’ 1957 मध्ये आलं. गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं, पण त्याबद्दलच्या चौकशा अजून थांबलेल्या नाहीत. ही पेगी सू कोण, ड्रम असा का वाजतो, गाणं लिहिलं नेमकं कोणी? रेकॉर्डच्या लेबलवर गायक म्हणून एकच नाव छापलं होतं. प्रत्यक्षात न्यू मेक्सिकोतल्या एका छोट्या स्टुडिओत पाच जणांचे हात या गाण्याला लागले होते. खालच्या बऱ्याच उत्तरांत तेच पाच जण पुन्हा पुन्हा भेटतील.

पेगी सू नावाची मुलगी खरंच होती का?

होती. पेगी सू गेरॉन, जन्म 1940. बडी हॉलीच्याच गावात, म्हणजे टेक्सासमधल्या लबक इथे ती शाळेत शिकत होती. हॉलीशी पहिली भेट कशी झाली ते तिने पुढे अनेकदा सांगितलं. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये एका हातात गिटार आणि दुसऱ्या हातात अ‍ॅम्प्लिफायर घेऊन धावत सुटलेला हा मुलगा तिला धडकला, तिची पुस्तकं जमिनीवर पसरली आणि साहेब ती न उचलताच पुढे पळाले. कार्यक्रमाला उशीर होत होता म्हणे. नंतर आपल्या मित्रासोबत फिरायला गेली तेव्हा तिला कळलं, की तो धडकणारा मुलगा याच मित्राच्या बँडचा गायक आहे.

म्हणजे ती बडी हॉलीची प्रेयसी होती?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज याच एका गोष्टीबद्दल आहे. ती जेरी अ‍ॅलिसनची मैत्रीण होती. अ‍ॅलिसन हा हॉलीच्या ‘क्रिकेट्स’ या बँडचा ड्रमर. त्यामुळे इथे गाणारा एक आणि प्रेमात पडलेला दुसरा, असा प्रकार आहे. प्रेमात पडलेला गाण्यात एक शब्दही बोलत नाही, तो मागे बसून ड्रम वाजवतो. हे कळल्यावर गाणं पुन्हा ऐकलं, की कान आपोआप ड्रमकडे जातो.

पेगी सूने 2008 मध्ये आठवणींचं पुस्तक लिहिलं तेव्हा हॉली आणि तिच्यात काही होतं का, ही चर्चा पुन्हा उठली. हॉलीची पत्नी मारिया एलेना यांनी त्या पुस्तकाला जाहीर आक्षेप घेतला. दोन माणसांच्या मनात काय होतं ते मनातच राहिलं. गाण्यापुरतं बोलायचं तर नाव आलं ते अ‍ॅलिसनच्या आग्रहामुळे.

‘सिंडी लू’ हे काय प्रकरण आहे?

या गाण्याचं पहिलं नाव. हॉलीच्या बहिणीला मुलगी झाली होती, त्या भाचीवरून त्याने ‘सिंडी लू’ असं नाव घालून गाणं बांधलं. चालही वेगळी होती, चा-चा-चाच्या अंगाने जाणारी, डुलत डुलत चालणारी. त्याच सुमारास अ‍ॅलिसन आणि पेगी सू यांचं बिनसलं होतं आणि ती दूर कॅलिफोर्नियात सॅक्रमेंटोला शिकायला गेली होती. अ‍ॅलिसनने गळ घातली: नाव बदल, तिचं नाव घाल. ‘सिंडी लू’ आणि ‘पेगी सू’ दोन्ही बोलायला तेवढीच लांब, शेवटचा स्वरही तोच. त्यामुळे चालीला धक्का न लावता एक नाव काढून दुसरं बसवता आलं.

याला जोडून एक किस्सा सांगितला जातो. रेकॉर्डिंगच्या वेळी अ‍ॅलिसनचा हात चुकत होता. हॉलीने त्याला तंबी दिली, की या खेपेला नीट वाजवलं नाहीस तर गाणं परत ‘सिंडी लू’ होईल. पुढच्या खेपेला हात चुकला नाही. किस्सा जरा जास्तच गोळीबंद वाटतो खरा. पण रेकॉर्डवर अ‍ॅलिसन ज्या जिवाच्या आकांताने वाजवतो ते ऐकता त्यावर विश्वास ठेवायला मला जड जात नाही.

ड्रमचा तो गडगडाट कसा केला आहे?

हा प्रश्न आला की मी खूश होतो, कारण गाण्याचा जीव इथे आहे.

त्या काळच्या रॉक अँड रोलमध्ये ड्रमरचं काम बहुतेक ठरलेलं असे: दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा, म्हणजे कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा, खणखणीत ठोका द्यायचा, बाकी ताल सांभाळायचा. ‘पेगी सू’त हे जवळपास नाहीच. अ‍ॅलिसन सुरुवातीपासून शेवटपर्यंत पॅराडिडल वाजवतो. पॅराडिडल हा शिकाऊ ड्रमरच्या हातवळणाचा धडा: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. टेबलावर बोटांनी सावकाश करून बघा, मग वेग वाढवा. दोन्ही हातांवर सारखा भार पडतो आणि ठोके सुटे न राहता त्यांची एक सलग लाट होते. आपल्याकडे ताशावाला तर्री धरतो, तेव्हा अंगात जे भिनतं त्याच जातीचं हे आहे. फरक आवाजाचा. इथे ताशाची तडतड नाही, खालून येणारा घुमा, भरीव आवाज आहे.

आता त्या आवाजाचं बघू. अ‍ॅलिसन इतका मोठ्याने वाजवत होता, की तोच आवाज सगळ्या मायक्रोफोनमध्ये शिरायला लागला. म्हणून ड्रमसकट त्याची रवानगी बाहेरच्या स्वागतकक्षात झाली. बाकीचे आत. ड्रमचा मायक्रोफोन निर्माता नॉर्मन पेटीने इको चेंबरला जोडला. इको चेंबर म्हणजे एक रिकामी, घुमणारी खोली. एका टोकाला स्पीकरमधून आवाज सोडायचा, दुसऱ्या टोकाला मायक्रोफोनने तो भिंतींवरून आलेल्या घुमाऱ्यासकट परत उचलायचा. दुसरा कोणी असता तर त्याने घुमारा एका पातळीवर लावून ठेवून दिला असता. पेटी गाणं चालू असताना तो तालात चालू-बंद करत राहिला.

त्यामुळे ड्रम घडीत जवळ येतो, घडीत लांब जातो. हेडफोन लावून सुरुवातीची काही सेकंदं फक्त ड्रम ऐका. वाजवणारा एकाच लयीत वाजवतोय आणि हलतोय तो आवाज, हे स्पष्ट कळतं. म्हणजे ड्रमवर दोन माणसं वाजवत आहेत, एक बाहेर काठ्यांनी आणि एक आत बटणावर.

मध्ये गिटारचा आवाज एकदम झळाळून उठतो. तिथे दुसरा गिटारवादक आहे का?

दुसरा गिटारवादक होता, पण त्याने गिटार वाजवली नाही.

हॉलीकडे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर होती. तो या गाण्यात उजवा हात फक्त वरून खाली मारतो, तेही भयंकर वेगात. बहुतेक वादक खाली-वर असा हात चालवून निम्मी मेहनत वाचवतात. सगळे फटके खालच्या दिशेने मारले की प्रत्येक फटक्याचं वजन सारखं राहतं आणि आवाजाला धार येते. पण हात एवढा गुंतलेला असताना मधल्या सोलोसाठी, म्हणजे नुसत्या गिटारच्या तुकड्यासाठी, गिटारवरचं पिकअपचं (तारांचा आवाज उचलणाऱ्या भागाचं) स्विच बदलायचं कधी? क्षणभर जरी हात थांबला तरी लय तुटणार. म्हणून बँडचा दुसरा गिटारवादक निकी सलिव्हन हॉलीच्या शेजारी खाली बसला, आणि वेळ आली की त्याने स्विच फिरवलं, सोलो संपताच परत मागे आणलं. जगभर गाजलेल्या गाण्यात याचं योगदान म्हणजे दोनदा बोट हलवणं! पण ते नसतं तर तो सोलो तसा कडाडला नसता.

सोलोही नेहमीसारखा एकेका स्वराचा नाही. हॉली तिथेही कॉर्डच, म्हणजे अनेक स्वर एकदम, झोडपतो. बास जो बी. मॉल्डिनचा, उभ्या मोठ्या बासवर. ड्रम आणि गिटारच्या आवाजात तो जरा दबूनच जातो.

गाणं नेमकं लिहिलं कोणी?

रेकॉर्ड आली तेव्हा गीत-संगीताचं श्रेय जेरी अ‍ॅलिसन आणि नॉर्मन पेटी या दोघांना होतं. हॉलीचं नाव त्यात नव्हतंच. आज तीन नावं दिसतात.

मूळ कल्पना आणि चाल हॉलीची, याबद्दल त्या वर्तुळातल्या कोणाचा फारसा वाद नाही. मग नाव का नव्हतं? त्या वेळी श्रेय म्हणजे पैसा आणि करारमदार. 1956 मध्ये हॉलीने डेका कंपनीशी नॅशव्हिलमध्ये करार केला होता. तो प्रयोग फसला, पण मागे कायदेशीर लचांड ठेवून गेला. त्यामुळे पेटीकडे आल्यावर कोणत्या गाण्यावर कोणाचं नाव छापायचं हे ‘लिहिलं कोणी’ यापेक्षा ‘सोयीचं काय’ यावर ठरत होतं. शिवाय स्टुडिओच्या मालकाने गाण्याच्या श्रेयात स्वतःचा वाटा ठेवणं त्या काळी सर्रास चालायचं. हॉलीच्या मृत्यूनंतर त्याला श्रेय मिळावं यासाठी अ‍ॅलिसन स्वतः पुढे झाला. मित्राचं नाव घालायचं म्हणजे स्वतःच्या रॉयल्टीला कात्री लावायची. तरी त्याने ते केलं.

पेटीबद्दल मतं टोकाची आहेत. हिशेबात तो पक्का, आणि हॉलीचे पैसे त्याच्याकडे अडकून पडले, हा आरोप त्याच्यावर कायम राहिला. पण गाण्यात त्याचं काही नाही असं म्हणणाऱ्यांनी पुन्हा एकदा ड्रम ऐकावा. शब्द-चालीचं श्रेय त्याने घ्यावं का, हा वेगळा मुद्दा. त्या आवाजाचं श्रेय त्याच्याकडून काढून घेता येत नाही.

लबकच्या पोरांनी रेकॉर्डिंगसाठी क्लोव्हिस का गाठलं?

जवळ होतं आणि परवडत होतं. लबकपासून न्यू मेक्सिकोतलं क्लोव्हिस साधारण 160 किलोमीटर, रस्ता सरळसोट. पेटीचा स्टुडिओ सेव्हन्थ स्ट्रीटवर. मोठ्या शहरांतले स्टुडिओ तासावर पैसे घ्यायचे, घड्याळाचा काटा सतत मानगुटीवर. पेटी गाण्यामागे पैसे घ्यायचा. म्हणजे रात्रभर एकच गाणं घोटत बसलात तरी बिल तेवढंच. ड्रम दुसऱ्या खोलीत नेऊन बघणं, घुमारा हाताने चालू-बंद करून बघणं असले उपद्व्याप तासाच्या दराने कोणी केले नसते. ‘पेगी सू’चं रेकॉर्डिंग 1957 च्या जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या तारखेच्या दरम्यान झालं.

जाता जाता: याच स्टुडिओत केलेल्या हॉलीच्या एका गाण्याच्या शेवटी चक्क रातकिड्याची किरकिर ऐकू येते. किडा इको चेंबरमध्ये घुसला होता. बँडचं नाव क्रिकेट्स, म्हणजे रातकिडेच, त्यामुळे कोणी तो काढायच्या भानगडीत पडलं नाही.

गाणं बडी हॉलीचं की क्रिकेट्सचं?

वाजवणारे तेच, लेबल दोन. डेकाच्या दोन उपकंपन्या होत्या, ब्रन्सविक आणि कोरल. काही रेकॉर्ड ब्रन्सविकवर ‘क्रिकेट्स’ या नावाने निघाल्या, काही कोरलवर ‘बडी हॉली’ या नावाने. ‘पेगी सू’ 20 सप्टेंबर 1957 ला कोरलवर आलं. त्यामुळे श्रोत्यांना ते एकट्या हॉलीचं वाटलं, आणि अ‍ॅलिसनचं आख्खं गाणं पेलणारं काम लेबलवर निनावी राहिलं. त्याच महिन्यात क्रिकेट्सचं ‘दॅटल बी द डे’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. म्हणजे एकच बँड दोन नावांनी एकाच वेळी बाजारात.

किती गाजलं?

अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ या संगीत साप्ताहिकाच्या मुख्य यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, रिदम अँड ब्लूजच्या यादीत दुसऱ्या, ब्रिटनमध्ये सहाव्या. 1 डिसेंबर 1957 ला बँडने एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात ते वाजवलं. त्या कार्यक्रमाचं चित्रण मिळालं तर जरूर बघा: चष्मा, टाय, उंच शिडशिडीत मुलगा. बँकेतला कारकून वाटावा असा माणूस स्ट्रॅटोकास्टर झोडपतो, हे तेव्हाच्या प्रेक्षकांना अजिबात सवयीचं नव्हतं.

खुद्द पेगी सूला गाणं कधी कळलं?

तिच्या सांगण्याप्रमाणे, बँडचा दौरा सॅक्रमेंटोला आला तेव्हा. ती प्रेक्षकांत बसलेली, आणि स्टेजवरून आपल्याच नावाचा धोशा सुरू झालेला! सतरा वर्षांच्या मुलीला कुठे तोंड लपवावं असं झालं असणार. अ‍ॅलिसनचा डाव मात्र साधला.

पुढे दोघांचं लग्न झालं?

1958 च्या जुलैमध्ये दोघांनी घरच्यांना न सांगता लग्न केलं. पुढच्याच महिन्यात, 15 ऑगस्टला, हॉली आणि मारिया एलेना यांचं लबकमध्ये लग्न झालं, आणि दोन्ही जोडपी मधुचंद्राला एकत्रच मेक्सिकोतल्या अकापुल्कोला गेली. पेगी सू आणि अ‍ॅलिसन यांचा संसार टिकला नाही, 1960 च्या दशकात घटस्फोट झाला. पुढे तिने दुसरं लग्न केलं, कॅलिफोर्नियात नवऱ्यासोबत प्लंबिंगचा धंदा चालवला, नंतर लबकला परतली. 1 ऑक्टोबर 2018 ला तिथेच तिचं निधन झालं. अ‍ॅलिसन 2022 मध्ये गेला.

‘पेगी सू गॉट मॅरीड’ हे हॉलीचंच गाणं ना? ते इतकं वेगळं का वाटतं?

त्याचंच. 1958 च्या शेवटी तो पेटीपासून आणि क्रिकेट्सपासून वेगळा होऊन न्यूयॉर्कला राहायला गेला होता. डिसेंबरमध्ये त्याने घरातच टेपरेकॉर्डर लावून, नुसत्या गिटारवर काही नवी गाणी ध्वनिमुद्रित केली. हे त्यातलं एक. मित्राच्या लग्नाची बातमी हळूच कानावर घालावी तसा त्याचा सूर आहे. 3 फेब्रुवारी 1959 च्या पहाटे आयोवातल्या क्लिअर लेकजवळ विमान कोसळून हॉली, रिची व्हॅलेन्स, ‘बिग बॉपर’ म्हणून ओळखला जाणारा जे. पी. रिचर्डसन आणि पायलट असे चौघे गेले. हॉली 22 वर्षांचा होता. त्यानंतर कंपनीने त्या घरगुती टेपवर मागून वादक आणि कोरस चढवून रेकॉर्ड बाजारात आणली. ती ऐकलीत तर एकदा मूळची, नुसत्या गिटारची टेपही शोधून ऐका. माझ्या मते सजवलेली आवृत्ती त्या गाण्यावर अन्याय करते.

1986 मध्ये फ्रान्सिस फोर्ड कपोलाने याच नावाचा चित्रपट काढला. त्यातली गोष्ट वेगळी आहे, खऱ्या पेगी सूची नाही.

शब्दांत काहीच नाही. मग हे चांगलं प्रेमगीत कसं?

तक्रार रास्त आहे. कागदावर शब्द वाचले तर हाती काही लागत नाही. मुलीचे डोळे कसे, केस कसे, ती भेटली कुठे, काहीही नाही. तू मला आवडतेस, तुझी आठवण येते आणि नाव, नाव, नाव.

पण हॉली तेच नाव प्रत्येक वेळी वेगळं म्हणतो. एकदा सरळ, एकदा खालच्या पट्टीत दरडावल्यासारखं, एकदा नाकातून, लहान मुलासारखं लाडात. एका स्वराचे उचकी लागल्यासारखे पाच-सहा तुकडे करतो. प्रेमात पडलेला पोरगा एकटा असताना नाव म्हणून बघतो, तसं. आणि मागे ड्रम एकदाही श्वास घ्यायला थांबत नाही. शब्द जास्त असते तर त्या ड्रमसाठी जागाच उरली नसती. ज्यांना गाण्यात कविता हवी त्यांनी हॉलीचंच ‘ट्रू लव्ह वेज’ ऐकावं. तिथे व्हायोलिन आहेत, संथ लय आहे, सगळं रीतसर आहे.

रेकॉर्डच्या मागच्या बाजूला काय होतं?

‘एव्हरीडे’, आणि ते याच्या अगदी उलट. तिथे अ‍ॅलिसनने ड्रमला हातच लावला नाही, स्वतःच्या मांड्यांवर थापा मारून ताल धरला. टिणटिण वाजणारं वाद्य म्हणजे सेलेस्टा, वाजवणारी नॉर्मन पेटीची बायको व्हाय. एकाच तबकडीच्या एका अंगाला इतका गडगडाट आणि दुसऱ्या अंगाला पाळण्यावरच्या खेळण्यासारखा आवाज. दोन्हीत ड्रमर तोच.

बीटल्सचा याच्याशी काय संबंध?

बराच. बीटल्स हे किड्यावरचं नाव सुचण्यामागे क्रिकेट्स होते. लिव्हरपूलच्या या मुलांनी 1958 मध्ये, बीटल्स व्हायच्याही आधी, स्वतःचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं ते हॉलीच्या ‘दॅटल बी द डे’चं. जॉन लेननने 1975 च्या अल्बममध्ये ‘पेगी सू’ गायलं. पॉल मॅकार्टनीच्या कंपनीने 1970 च्या दशकात हॉलीच्या गाण्यांचे प्रकाशनहक्कच विकत घेतले. पेगी सू हे नाव इतरांच्या गाण्यांतही डोकावत राहिलं: बॉबी डॅरिनच्या ‘स्प्लिश स्प्लॅश’मधल्या पार्टीत ती आहे, ‘बार्बरा अ‍ॅन’मध्येही तिचा उल्लेख आहे.

गिटारवर वाजवायचं आहे. अवघड आहे का?

कॉर्ड सोपे: ए, डी आणि ई. पण मधल्या भागात, जिथे नाव ओळीने येतं, तिथे अचानक एफ मेजर येतो. ए मेजरच्या घरात हा पाहुणा आहे, म्हणूनच तिथे कान टवकारतात. तो न चुकवता वाजवा, त्याच्याशिवाय गाणं सपाट होतं. खरी परीक्षा उजव्या हाताची. सगळे फटके खाली, पूर्ण वेगात, अडीच मिनिटं. मनगट ढिलं ठेवा, कोपरातून मारू नका, नाहीतर अर्ध्यात हात भरून येईल. आधी निम्म्या वेगात मेट्रोनोमवर, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्रावर, बसवा. स्विच फिरवायला शेजारी कोणी बसवायचा की नाही हे तुमच्या मैत्रीवर अवलंबून.

अमेरिकेत गेलो तर बघण्यासारखं काय आहे?

लबकमध्ये बडी हॉली सेंटर हे संग्रहालय आहे. विमान अपघातानंतर बर्फ वितळल्यावर सापडलेला आणि पुढे वीसेक वर्षं आयोवातल्या सरकारी कचेरीत लिफाफ्यात पडून राहिलेला त्याचा चष्मा तिथे ठेवला आहे. शहराच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. दगडावर ‘हॉली’चं स्पेलिंग एक ‘ई’ जास्त असलेलं दिसेल. ती चूक नव्हे, घराण्याचं मूळ स्पेलिंग तेच. ‘ई’ गळला तो डेकाच्या करारपत्रात, आणि नंतर तेच नाव रूढ झालं. चाहते दगडावर गिटारची पिकं ठेवून जातात, तेव्हा खिशात एखादं असू द्या. क्लोव्हिसचा पेटी स्टुडिओ जुन्या सामानासकट जपला आहे, पण तिथे थेट जाऊन दार वाजवू नका. आधी वेळ ठरवावी लागते.